पाचपर्यंत म्हणजे बाय की टिल?

नोकरीला लागून दोनतीन महिने झाले असतील, मी एका क्लायंटला मेल टाकला, 'आय विल सेंड यू द फाइल्स टिल फाइव्ह'. डोक्यात साधं सरळ होतं, पाचपर्यंत फाइल्स पाठवायच्या आणि सुटायचं. त्याचं उत्तर आलं, पाचला पाठवणं का बंद करणार, पाचनंतर काही अडचण आहे का? मी तो मेल चारवेळा वाचला तरी कळेना की हा माणूस विचारतोय काय. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी सांगितलं, अगं तू त्याला कळवलंयस की पाच वाजेपर्यंत मी फाइल्स पाठवत बसणार आहे.

आता यात माझं मराठी आडवं आलं होतं. आपला 'पर्यंत' दोन्ही कामं करतो ना. 'पाचपर्यंत थांबते' म्हणजे थांबणं पाच वाजेतोवर चालूच, तिथे टिल किंवा अन्टिल. 'पाचपर्यंत देते' म्हणजे पाचच्या आधी कधीतरी एकदा देऊन मोकळी, तिथे बाय. तेव्हापासून मी एक युक्ती करते, 'पर्यंत' काढायचं आणि 'च्या आत' घालून बघायचं. 'पाचच्या आत देते' मस्त बसतं, म्हणजे बाय. 'पाचच्या आत थांबते' म्हटलं की कानाला खटकतं, म्हणजे टिल. व्याकरणाच्या पुस्तकातलं काही नाही हे, पण मला अजूनपर्यंत तरी दगा दिलेला नाहीये.

पासूनचंही तेच, पटकन सांगते. 'दोन दिवसांपासून' चं आपण 'सिन्स टू डेज' करतो आणि ते चुकतं. पासून काढून 'झाले' लावा. 'दोन दिवस झाले' बसतं, तिथे फॉर. 'सोमवार झाले' बसत नाही, तिथे सिन्स.

पण माझा सगळ्यात लाडका घोळ म्हणजे 'ठेवणे'. एकाकडून पेन घेतलं होतं, परत द्यायला गेले तर तो म्हणाला 'कीप इट', आणि मी ते शांतपणे त्याच्या टेबलावर ठेवून आले! तो बिचारा म्हणत होता की राहू दे तुलाच. शाळेत पाठ केलेलं, कीप म्हणजे ठेवणे, पुट म्हणजे पण ठेवणे, संपलं. खरं तर हातातली वस्तू नेऊन एका जागी ठेवायची ती क्रिया म्हणजे पुट, आणि आहे ते तसंच राहू द्यायचं, स्वतःकडे ठेवून घ्यायचं, चालू ठेवायचं, हे सगळं कीप. म्हणून तर कीप क्वाएट, कीप वॉकिंग, कीप द चेंज. एकातही कुणी काही उचलून कुठे नेत नाहीये, बघा.

आता गंमत अशी की हिअर आणि लिसन मध्ये लोक उगाचच अडकतात, कारण तिथे मराठीत दोन वेगळी क्रियापदं तयार आहेत आणि आपण ती वापरतच नाही. हिअर म्हणजे ऐकू येणे, लिसन म्हणजे ऐकणे. फोनवर आवाज तुटत असेल तर 'आय कान्ट हिअर यू', मला ऐकू येत नाहीये. तिथे 'आय ॲम नॉट लिसनिंग टू यू' म्हणालात तर समोरचा फोनच ठेवेल, कारण ते झालं मी तुझं ऐकत नाहीये. तसंच सी म्हणजे दिसणे, लुक म्हणजे बघणे, आणि वॉच म्हणजे बघत राहणे, जिथे काहीतरी हलतंय किंवा घडतंय, मॅच वगैरे. (सी चे बाकी उपयोग आहेतच, 'आय सी' म्हणजे अच्छा अच्छा, पण ते नंतर.) डिक्शनरीत सगळ्यांसमोर नुसतं 'पाहणे' लिहिलेलं असतं त्याचा हा ताप.

अर्थात डिक्शनरीवाल्यांना तरी किती बोलणार, ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकट्या 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत. ते काय पाठ करणार आपण, डोंबल!

डाउट मात्र अजूनही मला चकवतो कारण तो शब्द आपण मराठीतच पूर्ण पचवलाय. 'मला डाउट आहे की त्यानेच केलंय' म्हणजे आपल्याला वाटतंय त्यानेच केलं. इंग्रजीत 'आय डाउट ही डिड इट' चा अर्थ बरोब्बर उलटा, त्याने केलं असेल असं मला वाटत नाही. आपल्या मनातलं सांगायचं तर तिथे सस्पेक्ट हवं. आणि क्लासमध्ये 'आय हॅव अ डाउट' म्हणण्यापेक्षा सरळ क्वेश्चन म्हणा, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल हिला माझं सांगणंच पटलेलं नाहीये.

आपल्या भाषेत हे नाही असं समजू नका हं. मराठी शिकणाऱ्या एका मैत्रिणीने मला विचारलं, परवा म्हणजे नेमकं होऊन गेलेला की येणारा? मी म्हटलं दोन्ही. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, तिथे वॉच नाही, स्टेअर लागतं.