सोललेली आणि सोलवटलेली अंडी

आज सकाळी उकडलेली सहा अंडी सोलताना टरफलाबरोबर पांढऱ्या बलकाचेही लचके निघू लागले आणि शेवटच्या अंड्यावर तर चंद्रासारखे खड्डे पडले. अंडी अगदी ताजी होती, आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण निम्मा दोष त्या ताजेपणाचाच होता. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून दिवसागणिक बाहेर पडतो, तसतसा बलकाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप) साधारण ७.६ वरून ९ च्या पुढे जातो आणि आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसण्याची त्याची खोड कमी होते.

उरलेली चूक मात्र माझी. मी अंडी गार पाण्यात घालून पातेले गॅसवर चढवले होते. संध्याकाळी त्यांच्याबरोबरच आणलेली बाकीची अंडी थेट उकळत्या पाण्यात अलगद सोडली, १२ मिनिटांनी काढून बर्फाच्या पाण्यात ठेवली आणि आत हवेची पोकळी असलेल्या जाड टोकाकडून सोलायला घेतली. पापुद्रा नखाखाली येताच टरफल दोन मोठ्या तुकड्यांत सुटले. एक अंडे पाण्यात सोडतानाच तडकले आणि त्याला पांढरी शेपटी फुटली. ते मी उभ्याउभ्याच मीठ लावून खाऊन टाकले.