चटणीच्या पाकिटावर काय लिहायचं?

डिसेंबर २०२२. पुण्यातल्या एका प्रदर्शनात आमचा पहिलाच स्टॉल होता. दुपारी एक बाई आल्या, पाकीट उचलून पुढून-मागून बघितलं आणि म्हणाल्या, “ही चटणी डोशाबरोबर चालेल का हो?”

मी म्हटलं, “नाही हो, ही आमटीत, रश्श्यात घालायची.” त्यांनी पाकीट परत ठेवलं. संध्याकाळपर्यंत असं किती जणांनी विचारलं याची मोजदाद सोडून दिली मी. कुणी भाकरीबरोबर खायची का म्हणून विचारलं, कुणी शेंगदाण्याची आहे का म्हणून. आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. उन्हाळा लागला की ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वाळत पडते, खोबरं, तीळ, धणे भाजले जातात, कांदा-लसूण तळून सगळं डंकावर कुटून आणलं जातं. ती वर्षभराची चटणी. बाहेरची माणसं याला कांदा-लसूण मसाला म्हणतात. आमच्या पाकिटावर मात्र भल्या मोठ्या अक्षरांत ‘अस्सल कोल्हापुरी झणझणीत चटणी’ एवढंच होतं. चार दिवसांत नेलेल्या मालातला निम्माही खपला नाही, आणि ज्यांनी हातावर चाखून बघितला त्यांतलं जवळजवळ कुणीच रिकाम्या हातानं गेलं नाही. म्हणजे चटणीत काही खोट नव्हती. माल चांगला असूनही तो काय आहे हे पाकीट सांगत नव्हतं.

ते लेबल कसं झालं होतं तेही सांगते, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणींचं असंच होतं. २०२१ मध्ये आम्ही सुरुवात केली. चटणी आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. पाकिटं भरणं आणि विकणं माझं. लेबलासाठी मी एका डीटीपीच्या दुकानात गेले. पाचशे रुपयांत लोगो आणि लेबल दोन्ही. त्यांनी अर्ध्या तासात एक पैलवान, दोन मिरच्या, मागं ज्वाळा आणि वर मुकुट असं चित्र बसवून दिलं. मला तेव्हा ते आवडलं होतं. पुढं सांगलीच्या एका दुकानात दुसऱ्याच कुणाच्या तरी मसाल्यावर तोच पैलवान आणि त्याच दोन मिरच्या बघितल्या, तेव्हा कळलं की ते चित्र नेटवरून उचललेलं होतं. मागच्या मजकुरात ‘लसूण’चं ‘लसुण’ झालं होतं. दोन हजार लेबलं छापून झाली होती, ती तशीच वापरली.

मधल्या काळात नेटवरून परप्रांतातल्या एकाकडूनही काम करून बघितलं. चित्र देखणं होतं, पण त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं फुटली. ‘मिरची’ची पहिली वेलांटी एक घर पुढं सरकून ‘मरिची’ झालं, आणि मराठी वाचता येत नसल्यामुळं त्याला त्यात काही चुकलंय हे दिसतच नव्हतं. तीन वेळा दुरुस्ती सांगितली आणि सोडून दिलं.

पुण्याहून आल्यावर ओळखीतून कोल्हापुरातल्याच राजारामपुरीतली एक डिझायनर मुलगी मिळाली. इथंच उपयोजित कला शिकलेली, चार वर्षं स्वतंत्र काम करणारी. तिनं बारा हजार सांगितले. मी घरी येऊन दोन दिवस विचार केला. आत्या म्हणाल्या, “बारा हजारात किती मिरची येती, ठाव हाय काय?” त्यांचं बरोबरच होतं. पण पुण्याहून परत आणलेली पाकिटं खोलीत रचलेली दिसत होती. मी होकार दिला, आणि पैसे तीन हप्त्यांत ठरले.

पहिल्या भेटीत तिनं कागदावर एक रेघसुद्धा ओढली नाही. नुसते प्रश्न विचारले. काकू, हे कोण विकत घेणार? कोल्हापुरातलं माणूस की बाहेरचं? इथल्या घराघरात चटणी होते, मग ते तुमची का घेतील? पाकीट दुकानात उभं राहणार की कुरिअरनं जाणार? बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा काय कळलं पाहिजे? मला वाटलं होतं, रंग कुठला आवडतो ते विचारेल. या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं तयार नव्हती, आणि तीच खरी अडचण होती. आम्ही पाकीट कोल्हापूरकरांसाठी सजवत होतो आणि विकायला पुण्या-मुंबईला नेत होतो.

मग ती मला लक्ष्मीपुरीच्या बाजारात घेऊन गेली. एका दुकानाच्या मसाल्याच्या मांडणीचा फोटो काढला आणि मोबाइलवर दाखवला. एकजात लाल पाकिटं. लाल-पिवळं, लाल-काळं, लाल-सोनेरी. “यात तुमचं कुठं ठेवू?” तिनं विचारलं. माझ्या डोक्यात तोवर लालच होता, कारण चटणी लाल. ती म्हणाली, “लाल रंग आत आहेच की काकू. पाकिटाला खिडकी ठेवू, तोच दिसू दे. लेबल पांढरं करू.” ब्याडगीचा तो रंग आत्या मिरची निवडतानाच पारखून घेतात. त्यावर छापील लाल चढवून आम्ही तो झाकत होतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

नावाचा घोळ सगळ्यात जास्त चालला. आमचं आधीचं नाव सगळं वर्णनाचंच होतं. ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलांनी सांगितलं की ‘कोल्हापुरी’, ‘अस्सल’, ‘झणझणीत’ हे शब्द मालाचा गुण किंवा ठिकाण सांगणारे आहेत, असे शब्द एकट्याच्या मालकीचे करून मिळणं फार अवघड. देवीच्या नावाचा विचार होता, पण त्या नावाची दुकानं आमच्या एका पेठेतच किती सापडतील. एका नातेवाइकांनी शिवाजी महाराजांचं चित्र टाका म्हणून सुचवलं. वकिलांनी लगेच थांबवलं: १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराबद्दलच्या कायद्याच्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत, धंद्यासाठी ते वापरता येत नाही. शेवटी आत्यांना माहेरी ज्या नावानं हाक मारायचे ते नाव घेतलं. तीन अक्षरांचं आहे, फोनवर सांगितलं तरी दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. आत्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, “माझं नाव घालतीस तर चटणी बिघडू द्यायची न्हाई.”

नावाच्या खाली, जवळजवळ तेवढ्याच ठळकपणे, ‘कांदा-लसूण मसाला’. त्याखाली एक ओळ: ‘कोल्हापूरच्या घरातली चटणी. आमटी, रस्सा, उसळीसाठी.’ या एका ओळीवर आम्ही आठवडा घालवला. ‘चटणी’ शब्द काढून टाकायला मी तयार नव्हते, आणि तो एकटा ठेवायला ती तयार नव्हती. ही ओळ झाल्यावर बाकीची मांडणी दोन दिवसांत बसली.

अक्षरांचं मात्र वेगळं सांगायला हवं. तिनं आधी दोन-तीन फाँटमध्ये नाव लावून दाखवलं. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेनं केलेले फाँट फुकट आणि खुल्या परवान्यानं वापरता येतात, छोट्या मजकुराला ‘मुक्ता’ छान वाचताही येतो. पण नावासाठी तिचं समाधान होईना. नावात ‘ल’ आहे, आणि मराठी माणूस ज्या पाकळीच्या वळणानं ‘ल’ लिहितो तो हवा, दांडीला जोडलेला हिंदी वळणाचा नको, असा तिचा आग्रह. मग ती मला इथल्याच शुक्रवार पेठेत एका जुन्या पेंटरकाकांकडं घेऊन गेली. फ्लेक्स येण्याआधी पेठेतल्या किती तरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. आपल्या गावाला कलापूर म्हणतात ते बाबूराव पेंटरांसारख्या माणसांमुळं. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस इथंच कॅमेरा बनवून सिनेमा काढायला लागला, त्या सिनेमांची पोस्टरंही त्यानं स्वतः रंगवली. त्याच गावात आम्ही अक्षरांसाठी नेटवर शोधत होतो.

काकांनी कार्डशीटवर चपट्या ब्रशनं नाव सहा वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी वेगळं. पाचव्याला थांबून म्हणाले, “शिरोरेघ जरा जाड करतो, लांबून वाचाय यायला पाहिजे.” सहावं आम्ही घेतलं. त्यांनी दोनशे रुपये सांगितले, मी हजार दिले, आणि तेही कमीच होते असं मला आजही वाटतं. मुलीनं ते स्कॅन करून व्हेक्टरमध्ये आखून घेतलं, म्हणजे पाकिटापासून बोर्डापर्यंत कुठल्याही मापात कडा फुटत नाहीत.

मजकुराच्या बाजूनं कायद्याचं बरंच असतं. आधीच्या लेबलावर त्यातलं निम्मंच होतं. सगळ्यात नवल वाटलं ते भाषेचं. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते; मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. म्हणून पाठीमागं दोन भाषा बसवाव्या लागल्या. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, तारीख, बॅच, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर. आमची उलाढाल बारा लाखांच्या आत होती म्हणून साधी नोंदणी पुरली, तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. शाकाहाराचं हिरवं चिन्ह पुढच्याच बाजूला, नावाजवळ आणि उठून दिसेल अशा जागी लागतं. जुन्या लाल लेबलावर ते पार बुडून गेलं होतं. पांढऱ्यावर आपोआप दिसलं.

घटकांची यादी करताना घरात वादळ झालं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात. मी यादी वाचून दाखवली तर आत्या उठूनच उभ्या राहिल्या. “सगळं लिवून टाकलंस! उद्या गल्लीत दहा जणी करतील.” त्यांना समजावलं की क्रम लिहायचाय, कृती नाही. कुठली मिरची किती, खोबरं कुठवर भाजायचं, हे कुठंच येत नाही. त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या की मी तीळ एक जागा खाली लिहिलेत, ते धण्याच्या वर पाहिजेत. यादी त्यांनी दुरुस्त केली.

छपाईला जाण्याआधीची एक गोष्ट ज्यांना ज्यांना सांगता येईल त्यांना मी सांगते: फाइल आणि हक्क दोन्ही लेखी मागून घ्या. बाहेरच्या डिझायनरनं केलेल्या लोगोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सहसा त्याच्याकडंच राहतो. तो आपल्या नावावर करून द्यायचा तर सहीचा कागद लागतो. आमच्या डिझायनर मुलीनं शेवटच्या हप्त्याला साध्या कागदावर तसं लिहून दिलं. पेंटरकाकांनीही सही केली. सोबत मूळ फाइल, पीडीएफ आणि अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फाँट नसला तरी तशीच दिसतील अशा रेषांत बदललेली प्रत. हे कर्व्ह करणं मी आधी किरकोळ समजत होते. जुन्या लेबलाची फाइल श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये होती. दुसऱ्या प्रेसमध्ये उघडली तर तो फाँट नसल्यामुळं सगळा मजकूर इंग्रजी चिन्हांचा झाला होता.

स्क्रीनवरचा रंग आणि कागदावरचा रंग एक नसतो हेही तेव्हाच कळलं. नावाचा गडद तांबडा मोबाइलवर तेजस्वी दिसत होता, नमुन्यावर विटकरी आला. चार शाईंच्या छपाईत ते तेज येतच नाही. मी नमुना न बघता छापा म्हणणार होते. मुलीनं प्रेसवर उभं राहून शाई वाढवून घेतली. पहिली खेप मी पाचशेचीच डिजिटलवर काढली, ऑफसेटला नंतर गेले. नग महाग पडला, पण चूक झाली असती तर पाचशेचीच झाली असती.

आणि चूक झालीच. पांढऱ्या लेबलाला तेल लागलं. चटणी भरताना हाताला तेल असतंच, शंभर पाकिटांतली तीस डागाळली. पुढच्या खेपेला चकचकीत लॅमिनेशन घेतलं, डाग पुसता यायला लागले.

ट्रेडमार्कचा अर्ज २०२३ मध्ये ऑनलाइन केला, मसाल्यांसाठीच्या तिसाव्या वर्गात. एकट्या व्यक्तीला तेव्हा साडेचार हजार फी होती. आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करा असं वकील म्हणाले, म्हणजे उद्या अक्षरं बदलली तरी नाव राखलेलं राहतं. नावाशेजारी टीएम (ट्रेडमार्क) नोंदणीआधीही लावता येतं. नोंदणी झाल्याची खूण असलेला गोलातला आर मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच. आधी लावला तर तो गुन्हा आहे. माझ्या ओळखीत दोघांनी शोभेसाठी लावलाय, त्यांना मी सांगितलं. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात, म्हणून घाई चालत नाही.

सध्या आमची अडचण तारखेच्या शिक्क्याची आहे. लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई बसत नाही, बोटानं पुसली जाते. मुलीनं मागच्या बाजूला तारीख-बॅचपुरता एक चौकोन लॅमिनेशनशिवाय ठेवायचा उपाय काढलाय, प्रेसवाले बघून सांगतो म्हणालेत. तोवर आत्या रोज दुपारी चष्मा लावून बसतात आणि न पुसणाऱ्या पेननं प्रत्येक पाकिटावर तारीख स्वतःच्या हातानं लिहितात. चारचा आकडा त्या जुन्या वळणानं काढतात.