१ ऑगस्टची चौकट

कोल्हापुरातील एका दैनिकात मी रात्रपाळीची उपसंपादक होते, तेव्हा जिल्ह्याच्या पानांबरोबर ‘दिनविशेष’ हे रोजचे सदरही माझ्याकडे होते. डेस्कवर या सदराला फारसा मान नसतो. नवा माणूस रुजू झाला की हात बसावा म्हणून त्याला हवामान, पंचांग आणि दिनविशेष दिले जाते, आणि तो थोडा जुना झाला की हे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा होतो. मी मात्र ते सहा वर्षे सोडले नाही. बातमी कितीही तपासली तरी दुसऱ्या दिवशी शिळी होते. १२० शब्दांचे हे सदर वर्षभराने पुन्हा समोर येते आणि मागच्या वेळी आपण काय चुकलो ते निमूटपणे दाखवते, याचे मला आकर्षण होते.

एका तारखेखाली दोन नोंदी लावल्या की वाचक त्या एकाच दिवसाच्या मानतो, आणि पहिली फसगत तिथेच होते. १९ फेब्रुवारीला शिवजयंती असते आणि गोपाळ कृष्ण गोखले यांची पुण्यतिथीही असते. गोखले १९१५ मध्ये गेले, तेव्हाची तारीख आपल्या भिंतीवरच्या ग्रेगोरियन कॅलेंडरची. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा. त्या तिथीला येणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे आणि आजच्या कॅलेंडरने ती १ मार्च ठरते. शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारली, लोकांनी ती मनापासून साजरी केली, आणि मीही सदरात दरवर्षी तीच दिली. पण या दोन १९ तारखांमध्ये दहा दिवसांचे अंतर आहे, हे त्या ओळी लावताना माझ्या मनातून कधी गेले नाही. इंग्लंडने तर १७५२ मध्ये कॅलेंडर बदलले तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला, त्यामुळे त्यापूर्वी जन्मलेल्या इंग्रजाचा वाढदिवस छापताना तो कोणत्या गणनेचा, हे आधी विचारावे लागते.

१ ऑगस्टची अडचण वेगळी होती. त्या तारखेला गणनेचा घोळ नाही, गर्दी आहे. १७७४ मध्ये जोसेफ प्रीस्टले यांनी प्राणवायू वेगळा केला तो याच तारखेला, १९१४ मध्ये जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले तेही याच तारखेला. भगवानदादांचा जन्म १९१३ चा आणि मीनाकुमारी यांचा १९३३ चा, दोन्ही १ ऑगस्टचे. शिवाय आपल्याकडे महसुली वर्ष या दिवशी सुरू होते, म्हणून महसूल दिन; तलाठ्यांपासून तहसीलदारांपर्यंत कोणाचे ना कोणाचे पत्रक त्यासाठी आलेले असते. या सर्वांच्या वर लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत शिकलेल्या माणसाला १ ऑगस्ट म्हटले की एका टेबलावर शेजारी ठेवलेल्या, हार घातलेल्या दोन तसबिरी आठवतात. माझ्या सदरात मात्र टिळकांना छायाचित्रासह पाच ओळी आणि अण्णाभाऊंना दोन, असा शिरस्ता माझ्या आधीपासून चालत आला होता, आणि तो मीही पाच वर्षे चालवला, हे इथे कबूल केले पाहिजे.

२०२० मध्ये त्या तारखेने आम्हाला गाठले. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात गेले आणि त्याच दिवशी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावी तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णाभाऊ, यांचा जन्म झाला. एकाची पुण्यतिथी शताब्दी आणि दुसऱ्याची जन्मशताब्दी एकाच शनिवारी येत होती, आणि त्याच दिवशी बकरी ईदही होती. एरवी अशा दिवशी मिरवणुका, सभा आणि व्याख्याने यांच्या बातम्यांनी पाने भरली असती. त्या वर्षी टाळेबंदीमुळे सगळे घरातल्या घरात होते. वृत्तसंपादक मला म्हणाले, “कार्यक्रम नाहीत, म्हणजे आपल्यालाच काहीतरी द्यावे लागेल. दिनविशेष त्या दिवशी ओळींत भागवू नका. पहिल्या पानावर २०० शब्दांची चौकट करा, दोन छायाचित्रे घ्या.”

घरून काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने चौकटीचे पहिले वाक्य मला उत्साहाने पाठवले. एक सूर्य मावळला त्याच क्षणी दुसरा उगवला, असा त्याचा आशय होता. वाक्य वाईट नव्हते, आणि नेमके त्यामुळेच मला ते धोक्याचे वाटले. टिळकांचे प्राण गेले ते रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी. तारीख बदलून चाळीस मिनिटेच झाली होती. मी आमच्या मुद्रितशोधक काकांना फोन केला. ते साठीच्या पुढचे असल्याने त्या काळात त्यांना कार्यालयात येण्यास मनाई होती. ते म्हणाले, “आपल्या हिशेबाने वार सूर्योदयाला बदलतो. सूर्य उगवेपर्यंत तो शनिवारच, ३१ जुलैचा. रविवार आणि १ ऑगस्ट हा घड्याळाचा हिशेब.” म्हणजे सरदारगृहाबाहेर जमलेल्या कितीतरी माणसांच्या लेखी टिळक शनिवारी रात्री गेले होते. रात्रपाळीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मध्यरात्रीनंतर घडलेल्या घटनेला ‘काल रात्री’ लिहायचे की ‘आज पहाटे’, यावर आमच्या डेस्कवर आठवड्यातून एकदा तरी वाद होतो. सहकाऱ्याला मी इतकेच सांगितले की ‘त्याच क्षणी’ काढून टाक आणि दोन्ही सूर्यही काढ. तो दोन दिवस माझ्याशी कामापुरते बोलला.

सूर्य काढले तरी त्या जागी काय घालायचे, हा प्रश्न उरलाच होता. त्या दिवसाचा तिसरा धागा हाताशी होता: असहकाराच्या चळवळीची सुरुवात गांधीजींनी १ ऑगस्ट १९२० याच दिवशी ठरवली होती, कैसर-ए-हिंद पदक परत करणारे व्हाइसरॉयना लिहिलेले त्यांचे पत्र त्याच तारखेचे आहे, आणि त्याच दिवशी भर पावसात टिळकांच्या अंत्ययात्रेत त्यांनी खांदा दिला. गिरगाव चौपाटीवर, जिथे आज टिळकांचा पुतळा उभा आहे, तिथे दहन झाले. हे सारे टिळकांच्या बाजूचे होते. अण्णाभाऊंना त्यात जोडायचे तर केवळ तारखेच्या दोरीने बांधावे लागले असते, आणि ते मला करायचे नव्हते.

दुवा सापडला तो १ ऑगस्टपासून दूर, जुलै १९०८ मध्ये. २२ जुलैच्या रात्री, म्हणजे आपल्या बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि त्यांची रवानगी पुढे मंडालेला झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एका वर्षामागे एक दिवस, असे सहा दिवस काम बंद ठेवले. रस्त्यावर लष्कर आले, गोळीबार झाला, आणि दूर युरोपात लेनिनने त्या संपाची लेखी दखल घेतली. पुढे वाटेगावातून आई-वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला, शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेला मुलगा त्याच गिरण्यांत काम करू लागला, साम्यवादी चळवळीत गेला, आणि १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे करून कामगारांच्या वस्त्यांत पोवाडे गाऊ लागला. एका पिढीने गिरणगावात टिळकांसाठी गिरण्या बंद ठेवल्या आणि पुढच्या पिढीने तिथेच अण्णाभाऊंचा डफ ऐकला. हे वाक्य मी लिहिले, काकांना फोनवर वाचून दाखवले, आणि “चालेल” हा त्यांच्याकडून क्वचित मिळणारा शेरा घेऊन चौकट पूर्ण केली.

३१ जुलैच्या रात्री डेस्कवर आम्ही चौघे होतो. डाक आवृत्तीचे, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचे, पान साडेदहाला सोडायचे होते. साडेनऊच्या सुमारास वृत्तसंपादकांनी पडद्यावर चौकट पाहिली आणि विचारले, “टिळक डावीकडे का?” माझ्याकडे उत्तर नव्हते, सवयीने हात तिकडे गेला होता. ते म्हणाले, “ही डाक वाळव्याला, शिराळ्याला जाते. वाटेगाव वाळवा तालुक्यातले. वाचकाची नजर आधी डावीकडे पडते. अण्णाभाऊंना तिथे घ्या.” ते बरोबर होते. मी पान लावणाऱ्या ऑपरेटरला सांगितले आणि त्याने क्षणात दोन्ही छायाचित्रांची अदलाबदल केली. नावाची पट्टी छायाचित्राला जोडलेली असल्याने ती बरोबर गेली. त्याखालच्या ‘पुण्यतिथी शताब्दी’ आणि ‘जन्मशताब्दी’ या दोन ओळी मात्र स्वतंत्र चौकटींत होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. मी मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला, कारण जीव त्यात अडकलेला होता. छायाचित्राखालचे दोन-दोन शब्द मी पाहिले नाहीत. एरवी कागदावरचे प्रूफ काकांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पान सुटत नसे. त्या रात्री टेबल रिकामे होते.

सव्वाअकराला छपाई विभागातून फोन आला. गठ्ठे बांधणाऱ्यांपैकी एकजण बोलत होता, आवाजात संकोच होता. “मॅडम, अण्णाभाऊंची पुण्यतिथी १८ जुलैला झाली न्हवं? हितं परत पुण्यतिथी छापलीया. आन् टिळकांची जन्मशताब्दी म्हंजे?” मला पाहायला पानही उघडावे लागले नाही, डोळ्यांसमोर दोन्ही ओळी लख्ख उभ्या राहिल्या. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, आणि टिळकांची जन्मशताब्दी १९५६ मध्येच होऊन गेली होती. मी यंत्र थांबवायला सांगितले. ओळी बदलून नवी प्लेट चढेपर्यंत अर्धा तास गेला. तोवर एक गाडी निघून गेली होती, आणि ती वाळवा तालुक्यातल्या इस्लामपूरच्या बाजूची होती. ज्यांच्यासाठी छायाचित्र डावीकडे आणले, नेमकी त्यांच्याच दारात चूक पडणार होती. चालकाला फोन लावला, पण तो वाटेतल्या पहिल्या थांब्यांवर गठ्ठे टाकून पुढे गेला होता.

सकाळी सहापासून फोन सुरू झाले. एक तरुण फार चिडलेला होता. तो म्हणाला, “दरवर्षी टिळकांच्या खाली दोन ओळी देता, ते आम्ही गप्प बसून वाचतो. या वर्षी फोटो वर घेतला तर जन्माच्या दिवशीच मारून टाकलंत.” ऑपरेटरची अदलाबदल, रिकामे टेबल, हे सगळे माझ्या ओठांवर आले होते, पण त्याच्या पहिल्या वाक्याला त्यातले काहीच उत्तर नव्हते. मी चूक माझी आहे एवढेच म्हटले आणि त्याने फोन ठेवला. काही वेळाने एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. तीस वर्षे शाळेत १ ऑगस्टचे सूत्रसंचालन करताना ‘टिळक जयंती’ म्हणणारे दरवर्षी किमान एक पोर त्यांनी ऐकले होते, तेव्हा त्यांना धक्का बसला नव्हता. त्यांना चौकटीतल्या सहा दिवसांच्या संपाबद्दल विचारायचे होते. शिक्षा सहा वर्षांची म्हणून संप सहा दिवसांचा, हे पक्के आहे का? मी हो म्हटले. त्यांनी ते लिहून घेतले असावे, कारण मधे बराच वेळ फोनवर फक्त पानांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात दुरुस्ती द्यायची ठरली. वृत्तसंपादक म्हणाले की ती आतल्या पानावर नेहमीच्या बारीक टाइपात जाईल. मी ती पहिल्या पानावर, त्याच जागी, दोन्ही छायाचित्रांसह मागितली, आणि बऱ्याच वादानंतर फक्त वाळवा-शिराळ्याच्या आवृत्तीपुरती मिळवली. मजकूर तीन ओळींचा होता: कालच्या अंकात छायाचित्रांखालील उल्लेखांची अदलाबदल झाली, १ ऑगस्ट ही अण्णाभाऊ साठे यांची जयंती आणि लोकमान्य टिळक यांची पुण्यतिथी आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत. अण्णाभाऊंचे छायाचित्र डावीकडेच ठेवले.

त्याच अंकात २ ऑगस्टचा दिनविशेषही जायचा होता. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा १८६१ चा जन्म, आणि १९५४ मध्ये सिल्व्हासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाले तो दिवस. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी स्वयंसेवक होते, म्हणून ती नोंद वर घेतली होती. पान सोडण्यापूर्वी मी ऑपरेटरच्या मागे उभी राहिले आणि त्याला छायाचित्राखालचे शब्द मोठ्याने वाचायला लावले. तो वाचत असताना मी घरी बसलेल्या काकांना फोन लावून ठेवला होता. वाचून झाल्यावर पलीकडून आवाज आला, “आता नाव वाच, मग परत खालची ओळ वाच.”