मान घडवताना

आज दिवसभर महोगनीच्या तुकड्यातून गिटारची मान कोरली. आधी पहिल्या आणि दहाव्या पट्टीपाशी (फ्रेटपाशी) गोलाई काढली, २१ आणि २३ मिमी जाडीची. मग मधलं लाकूड कानशीने सरळ उतरवत दोन्ही जोडली. घाई करता येत नाही, कारण आत ट्रस रॉडची, म्हणजे मान वाकू नये म्हणून बसवायच्या धातूच्या सळईची, खाच आहे, थोडं जास्त गेलं की पाठ भेदलीच! एके ठिकाणी लाकडाची रेषा उलटी फिरली आणि छिलका निघाला. जीव हलला. दिशा बदलून घासलं तेव्हा निभावलं.

संध्याकाळी डोळे मिटून अंगठा फिरवला. पाचव्या पट्टीपाशी अजून एक उंचवटा आहे, डोळ्यांना न दिसलेला. उद्या आधी तोच घासायचा.