पैसे संपले की अंधार

परवा खालच्या मजल्यावरची बाई थर्मास घेऊन दारात उभी. गरम पाणी मिळेल का म्हणाली. पोरांना कपातल्या नूडल्स द्यायच्या होत्या आणि विजेच्या मीटरमधले पैसे संपले होते. बाई बेकार नाही, वृद्धाश्रमात रोज कामाला जाते. आणि हे ब्रिटन!

या मीटरनं माझं डोकं फिरवलंय. किल्ली घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, पैसे भरायचे, किल्ली मीटरात घालायची. पैसे संपले की मीटरच थोडी उसनवारी देतो, ती संपली की अंधार. दिवा लावा न लावा, स्थिर आकार रोज चढतो. जुनी थकबाकी असेल तर भरलेल्यातलं आधी तिकडं वळतं. वर 2023 पर्यंत अशा लोकांना बँकेतून बिल भरणाऱ्यांपेक्षा दरही जास्त! आमच्या बेळगावच्या वडगावात थकबाकी झाली की लाइनमन यायचा. त्याला चहा पाजायचा, "मागाचा पगार होऊ दे गा, सोमवारी भरतो" म्हणायचं. कधी ऐकायचा, कधी नाही. इथं गयावया करायला समोर माणूसच नाही.

फूड बँकेत फुकट जिन्नस मिळतात, पण बहुतेक ठिकाणी डॉक्टरची, शाळेची नाहीतर सल्ला केंद्राची चिठ्ठी लागते. ज्यांना शिजवणं परवडत नाही त्यांच्यासाठी वेगळी पिशवी, नुसतं गरम पाणी ओतून खाता येईल अशी. ट्रसेल या एकाच संस्थेच्या केंद्रांतून 2023-24 मध्ये सगळी मिळून 31 लाखांवर पार्सलं गेली.

मामांना फोनवर सांगितलं तर हसले. "घरात फ्रीज, हातात मोबाईल, कसली गा गरिबी?" इथं देशातल्या अगदी मधल्या घराच्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांखालचं घर गरीब धरतात, हे त्यांना पटेना. मामा, फ्रीज आहे हो, पण तोही त्याच मीटरवर चालतो.

आपल्याकडं 2023 पासून गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत बिल माफ, रेशनला तांदूळ. 1 नोव्हेंबरला कर्नाटकाविरुद्ध काळा दिवस पाळणाऱ्या घरातला मी, आणि माझ्याच हातून कर्नाटक सरकारचं कौतुक लिहून होतंय! (एकीकरण समितीवाल्यांनी हा परिच्छेद सोडून वाचावा.)

मग परत ये की, म्हणाल. नाही येत. माझं बिल बँकेतून परस्पर जातं, आकडाही बघत नाही मी. अप्पांच्या बायपासचं कर्ज इथल्याच पगारातून फिटतंय. आणि त्या बाईच्या धाकट्याचं अपेंडिक्स इथल्या सरकारी दवाखान्यात काढलं, तिला एका पैशाचं बिल आलं नाही.