पांढरी खणण्याआधी

पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही जमिनीची वाटणी मराठी गावाला पूर्वापार माहीत आहे. पुरातत्त्वात ज्याला वस्तीचं टेकाड म्हणतात ते बहुतेकदा ही पांढरीच. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडं, चुनखडीचे खडे असं शेकडो वर्षं एकावर एक साचत गेलं की मातीचा रंग उतरतो. म्हणून नव्या गावात गेल्यावर नकाशा उघडण्याआधी जाणत्या माणसांना विचारावं, ‘पांढरी कुठं आहे? नांगरताना खापरं कुठं निघतात?’ निम्मं काम तिथंच होतं.

पण हीच माती शेताला खतासारखी लागू पडते आणि धाब्याच्या छतावरही घालतात. ट्रॅक्टर लावला की बैलगाडीच्या काळात पिढीभर पुरलेलं टेकाड एका उन्हाळ्यात सपाट होतं. ‘नेऊ नका’ एवढं सांगून कोणी थांबत नाही. त्या मातीत काय आहे हे गावाने स्वतः पाहिलेलं असेल, तरच थांबतात.

पाहणीसाठी पीक निघाल्यानंतरचं नांगरलेलं रान चांगलं, आणि एखादी सर येऊन गेली असेल तर फारच उत्तम, कारण खापरांवरची धूळ धुऊन जाते. पाच ते दहा मीटर अंतर ठेवून सगळ्यांनी एका रांगेत चालावं. काठाचे, तोटीचे, रंगकाम असलेले तुकडे तेवढे उचलावे. साधे तुकडे जागेवरच मोजावे आणि तिथंच ठेवावे. पिशवीवर गाव, गट नंबर, अक्षांश-रेखांश, तारीख लिहावी, आणि तीच चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत घालून आतही ठेवावी. बाहेरची शाई ओलीने पुसली जाते. चिठ्ठी हरवलेलं खापर म्हणजे नुसता मातीचा तुकडा.

ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या लोकांचं, जोर्वे पद्धतीचं खापर एकदा हातात घेतलं की विसरत नाही. तांबूस-नारिंगी अंग, त्यावर काळ्या रंगाच्या सरळ-तिरप्या रेघा, आणि नखाने टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत आवाज. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्व्यावरून हे नाव पडलं. तिथं 1950-51 साली उत्खनन झालं.

उत्खनन मात्र कोणालाही मनाला येईल तेव्हा करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. जमीनमालकाची संमती लेखी घ्यावी आणि सातबारावर जेवढी नावं आहेत तेवढ्यांची घ्यावी. एका भावाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने आखणीच्या खुंट्या उपटल्या, हे नेहमीचं. जमीन वाट्याने दिलेली असेल तर पिकाची भरपाई कोणाला मिळणार हे वाटेकऱ्यासमोरच ठरवावं. मग ग्रामसभा.

ग्रामसभेत पहिला प्रश्न गुप्तधनाचा येतो. तो हसण्यावारी नेऊ नये. पडदे लावून, लोकांना हटकून काम केलं की अफवा वाढते आणि रात्री कोणीतरी पहार घेऊन येतो. त्यापेक्षा रोज संध्याकाळी अर्धा तास खड्डा सगळ्यांना खुला ठेवावा आणि त्या दिवशी निघालेल्या वस्तूंची नोंदवही मराठीत लिहून वाचून दाखवावी. कायदाही सांगावा: 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

खणताना साधारणपणे पाच मीटरचा चौरस आखतात आणि चारी बाजूंनी अर्धा मीटर सोडून आतला चार बाय चार खणतात. सोडलेल्या बांधाच्या उभ्या कडेवर थर वाचायचे असतात. ती कड ओळंब्याने सरळ राखावी. उन्हाने सुकली की सगळे थर एकाच रंगाचे दिसतात, म्हणून फोटोआधी पाण्याचा हलका फवारा मारावा.

सर्वांत मोठी चूक होते ती जुन्या लोकांनीच खणून बुजवलेले खड्डे ओळखण्यात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीत लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेलं सापडलं. असा खड्डा वरून दिसतो तो चोपलेल्या जमिनीवरच्या जरा गडद, मऊ डागासारखा. तो न ओळखता सगळं सारख्या खोलीने खणलं की नंतरची खापरं जुन्या थरात मिसळतात आणि पुढचा सगळा कालक्रम चुकतो. इथं गावातल्या खुरपणाऱ्या बायांचा हात कामी येतो. माती मऊ लागली, खुरप्याचा आवाज बदलला, हे त्यांना आधी कळतं. त्यांनी ‘थांबा’ म्हटलं की थांबावं आणि नोंदीतही तसं लिहावं. त्यांना फक्त घमेली वाहायला लावणं म्हणजे जाणकार हात वाया घालवणं.

खापरं धुण्याचं काम शाळेतली मुलं मनापासून करतात. कच्ची, न भाजलेली माती पाण्यात घालायची नाही, रंगकामावर ब्रश घासायचा नाही, सुकवायचं ते सावलीत, एवढं आधी शिकवावं. कोळसा मात्र मुलांकडे देऊ नये. त्यावरून थराचा काळ ठरवतात, म्हणून त्याचा नमुना हात न लावता खुरप्याच्या टोकाने उचलून अॅल्युमिनियमच्या कागदात ठेवतात.

1974 साली प्रवरेकाठच्याच दायमाबादला एका गावकऱ्याला झाडाचं मूळ खणताना रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा अशी चार कांस्यशिल्पं सापडली. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. आज ती जगभर ओळखली जातात, पण कुठल्या थरात होती याची नोंद त्या क्षणी झाली नाही, म्हणून त्यांच्या काळाबद्दल वाद राहिला. वस्तू निघाली तर हलवू नका, आधी फोटो काढा आणि कळवा, हे गावात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते यासाठी.

काम संपलं की खड्डा बुजवणं हाही उत्खननाचाच भाग. सुरुवातीला वरची वीतभर कसदार माती वेगळ्या ढिगात ठेवावी आणि ती सर्वांत शेवटी पसरावी, नाहीतर त्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं पीक धड येत नाही. तळाला जाड प्लास्टिक अंथरून चालू सालाची दोन-चार नाणी टाकावी. पुढे कधी कोणी तिथं पुन्हा खणलं, तर आधीचं काम कुठपर्यंत आलं होतं हे त्याला लगेच कळतं.