समोरचा पिवळा दिवा

आज सकाळी सर्व्हर रूममध्ये गेलो, तेव्हा २४ डिस्कच्या स्टोरेज एन्क्लोजरच्या, म्हणजे डिस्क बसवलेल्या पेटीच्या, दर्शनी बाजूला पिवळा दिवा लागलेला होता, पण एकाही डिस्कवर तो दिसत नव्हता. हा दिवा फक्त 'कुठेतरी बिघाड आहे' एवढेच सांगतो. नेमके ठिकाण पाहायला रॅकच्या मागे गेलो. तिथे दोन्ही पॉवर सप्लायचे हिरवे दिवे स्थिर होते, पंखेही फिरत होते. मात्र पेटीला सर्व्हरशी जोडणाऱ्या दोन आय-ओ मॉड्यूलपैकी दुसऱ्यावरच्या सॅस पोर्टचा (डेटा केबलच्या खाचेचा) लिंक दिवा, म्हणजे जोडणी चालू असल्याचा दिवा, विझलेला होता. केबल काढून पाहिली, तर तिच्या खटक्याचा बारीक पत्रा वाकलेला होता आणि त्यामुळे ती पूर्ण आत बसतच नव्हती. डेटा पहिल्या मॉड्यूलच्या वाटेने सुरू राहिल्याने कोणालाच काही जाणवले नव्हते, आणि मला याच शांततेची भीती वाटते, कारण ती उरलेली वाटही तुटली असती तर सगळे काम ठप्प झाले असते. नवी केबल खट् असा आवाज येईपर्यंत दाबली. लिंक दिवा हिरवा झाला आणि थोड्या वेळाने समोरचा पिवळा दिवा विझला.

डिस्क बदलायची असती, तर आधी तिचा लोकेट दिवा, म्हणजे नेमकी डिस्क ओळखू देणारा दिवा, लुकलुकता केला असता. रेड ५ (RAID 5) मध्ये, म्हणजे एकच डिस्क गेली तरी डेटा टिकवणाऱ्या डिस्कच्या गटात (ॲरेत), एक डिस्क गेलेली असताना शेजारची चांगली डिस्क चुकून ओढली, तर सगळा ॲरेच बंद पडतो.